मुठेचा काठ आणि शाळेची रोपवाटिका

५ जून २०२० रोजी, जागतिक पर्यावरणदिनी, तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी ‘नगर वन’ योजना जाहीर केली. पाच वर्षांत देशात २०० शहरी वने उभी करायची, असा तो संकल्प होता आणि त्यासाठी नमुना म्हणून देशापुढे ठेवले गेले ते पुण्यातल्या वारज्याचे वन. वन विभागाची १६ हेक्टरांहून थोडी अधिक, उघडीबोडकी पडलेली टेकडी. २०१५-१६ पासून वन विभाग, टेरे पॉलिसी सेंटर ही पुण्यातली संस्था, काही कंपन्या आणि स्थानिक नागरिक यांनी मिळून तिथे झाडे लावली आणि पाच तळी तयार केली. चार-पाच वर्षांत काही झाडे पंचवीस-तीस फुटांवर गेली. त्या वेळच्या सरकारी माहितीत वनस्पतींच्या २३, पक्ष्यांच्या २९ आणि फुलपाखरांच्या १५ जाती नोंदल्या आहेत. हे वन टिकले याचे कारण सरळ आहे. जागा निश्चित होती, पाण्याची सोय होती आणि लावणारे हात पहिल्या पावसाळ्यानंतर पांगले नाहीत. शाळकरी मुलांच्या हातून होणाऱ्या वृक्षलागवडीत नेमक्या याच तीन गोष्टी सहसा नसतात. हा दोष मुलांचा नाही, शिक्षकांचाही नाही. शाळा आणि झाड यांचे नाते आपल्याकडे एकेकाळी कामाचे म्हणून मांडले गेले होते, ते पुढे सोहळ्याचे झाले. ते पुन्हा कामाचे करायचे असेल तर शाळेने खड्ड्यापासून नाही, बियांपासून सुरुवात केली पाहिजे आणि त्या झाडांची पहिली जागा ओढ्याच्या काठी असली पाहिजे.

ओढा का, याचे उत्तर वारज्याच्या भूगोलात आहे. हे गाव मुठेच्या डाव्या काठावर, खडकवासल्याच्या खालच्या अंगाला वसलेले. एका बाजूला टेकड्या, दुसऱ्या बाजूला नदी आणि मधल्या उतारावर पूर्वी शेते होती, आता इमारती आहेत. १९९७ च्या हद्दवाढीत वारजे महापालिकेत आले, बाह्यवळण महामार्गाचा पूल गावाजवळच मुठेवरून गेला, आणि पाहता पाहता गावाचे उपनगर झाले. टेकडीवर पडलेला पाऊस नदीत पोचायला मात्र तीच जुनी वाट धरतो. टेकडी उघडी असेल तर पावसाचे थेंब थेट मातीवर आपटतात, माती सुटते आणि पाणी गाळ घेऊन धावत सुटते. टेकडीवर झाडोरा असेल तर तोच पाऊस आधी पानांवर, मग पाचोळ्यावर पडतो, मुळांच्या वाटांनी जमिनीत मुरतो आणि ओढा पावसाळ्यानंतरही काही काळ वाहता राहतो. काठावरची झाडे आणखी एक काम करतात. करंज, उंबर, अर्जुन, वाळुंज यांची मुळे काठाची माती धरून ठेवतात, सावली पाणी तापू देत नाही, आणि फळे-फुले-पाने पाण्यातल्या व काठावरच्या जिवांचे अन्न होतात. म्हणजे टेकडीवरचे झाड आणि काठावरचे झाड मिळून एकच काम करतात, आणि ओढा त्या दोघांना जोडतो. ज्या शाळेच्या मागून असा ओढा जातो, तिला पर्यावरणाचा धडा शोधायला लांब जावे लागत नाही.

शाळेत शेतीचे आणि मातीचे शिक्षण द्यावे, ही कल्पना पुण्यात नवी नाही. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात वाचन, लेखन, हिशेब यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे असे सुचवले, आणि ते ज्ञान कोरडे राहू नये म्हणून लहान नमुनाशेतांवर प्रत्यक्ष कामाची जोड मागितली. पुढच्याच वर्षी पुऱ्या झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी डोंगरांवरून वाहून जाणाऱ्या पाण्याचा आणि सुपीक मातीचा प्रश्न मांडला. फावल्या काळात लष्करातले व पोलिसांतले मनुष्यबळ वापरून ठिकठिकाणी ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतांत मुरेल, असा त्यांचा उपाय होता. त्याच पुस्तकात वन खात्याने गुरे चारण्यावर घातलेल्या निर्बंधांवर त्यांनी कडक टीका केली, हेही विसरता येत नाही. जंगल राखायचे तर ज्यांचे जगणे त्या जमिनीवर आहे त्यांना बाजूला सारून ते राखता येणार नाही, ही त्यांची भूमिका होती. फुल्यांचा मुठेच्या पाण्याशी जवळून संबंध आला होता. १८७० च्या दशकात पुण्याजवळच्या धरणाच्या बांधकामाला माल पुरवणाऱ्या कंत्राटदारांत ते होते आणि कालव्याच्या लाभक्षेत्रात, मांजरीला, त्यांची शेती होती. डोंगर, पाणी, माती आणि शाळा या चार गोष्टी त्यांनी एकाच विचारात गुंफल्या. शाळेच्या आवारातले नमुनाशेत ही या विचारातली सर्वांत सोपी आणि स्वस्त गोष्ट होती, तरीही ती सर्वांत आधी मागे पडली.

तरी ही धारा लगेच आटली नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवून शिकवले. तिथे श्रम ही शिक्षणाची अट होती. ‘कमवा आणि शिका’ या सूत्राने मुले शेतात राबत, आपल्या अन्नाचा व शिक्षणाचा काही भाग स्वतः उचलत. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे, हेही त्या विचाराला साजेसेच. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने भरलेल्या शिक्षण परिषदेतून ‘नई तालीम’ पुढे आली. हस्तव्यवसायातून शिक्षण, आणि त्या व्यवसायांत शेतीला महत्त्वाचे स्थान. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मूलोद्योगी शाळांचे प्रयोगही सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात केलेल्या अभ्यासातून कार्यानुभवाची शिफारस केली आणि महाराष्ट्राच्या वेळापत्रकात ‘कार्यानुभव’ हा विषय आला. फुल्यांपासून कोठारींपर्यंतच्या या सगळ्या मांडण्यांत एक समान धागा आहे. मूल एकच काम वर्षभर करते, त्यात चुकते, सुधारते आणि शेवटी त्याचे फळ पाहते, तेव्हा ते शिकते. पुढे कार्यानुभवाचा तास बऱ्याच ठिकाणी कागदी फुले आणि शोभेच्या वस्तूंपुरता उरला, आणि शाळेच्या जीवनात झाड आले ते दुसऱ्याच दाराने.

ते दार होते वनमहोत्सवाचे. १९५० मध्ये केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव साजरा करण्याची प्रथा सुरू केली. हेतू चांगला होता. नव्या स्वतंत्र देशात झाडांविषयी आस्था निर्माण व्हावी, सामान्य माणसाने लागवडीत हात घालावा. १९८२ मध्ये महाराष्ट्रात सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला, २००१-०२ पासून शाळांमध्ये राष्ट्रीय हरित सेनेची पथके आली. याच काळात सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये आणि नंतरही दिलेल्या आदेशांमुळे पर्यावरण शिक्षण सक्तीचे झाले. मग २०१६ ते २०१९ ही चार वर्षे राज्य सरकारच्या मोठ्या मोहिमांची. पहिल्या वर्षी १ जुलैला २ कोटी, पुढे ४ कोटी, १३ कोटी आणि अखेरीस ३३ कोटी अशी लक्ष्ये ठेवली गेली. शाळांनी त्यात उत्साहाने भाग घेतला, हजारो मुलांनी आयुष्यातले पहिले झाड या मोहिमांत लावले, आणि या गोष्टीचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण २०२१ मध्ये याच ३३ कोटींच्या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. कोणत्या पक्षाचे सरकार होते आणि चौकशी कोणी मागितली, हा इथे मुद्दा नाही. लावलेली झाडे मोजणे सोपे असते, जगलेली झाडे मोजणे अवघड. ज्या पद्धतीत पहिलाच आकडा महत्त्वाचा मानला जातो, तिथे दुसऱ्या आकड्याविषयी शंका उरणारच.

सोहळ्याच्या पद्धतीचा खरा दोष मात्र आकड्यांहून खोल आहे, आणि तो दिनदर्शिकेत आहे. आपली शाळा जूनच्या मध्याला सुरू होते आणि मेमध्ये बंद असते. जुलैत लावलेले रोप पावसाच्या भरवशावर ऑक्टोबरपर्यंत तग धरते, थंडी कशीबशी काढते, आणि त्याला पाण्याची सर्वाधिक गरज असते त्या एप्रिल-मेमध्ये शाळेत परीक्षा आणि सुट्टी असते. पुढच्या जूनमध्ये मुले वरच्या वर्गात जातात आणि त्याच खड्ड्याजवळ नवे रोप लावले जाते. बियांपासून सुरुवात केली की हे गणित बदलते. जांभळाचेच पाहा. जूनच्या सुमारास जांभळे पिकतात, मुले ती आवडीने खातात. त्यांची बी वाळवून डब्यात जपून ठेवली तर मरते. गर धुऊन ताजी असतानाच, फार तर पंधरवड्याच्या आत ती मातीत जायला हवी. तशी ती लावली तर थोड्याच दिवसांत कोंब फुटतो, आणि पुष्कळदा एकाच बियेतून दोन-तीन कोंब वर येतात. त्यांतला जोमदार एक ठेवून बाकीचे हलक्या हाताने काढावे लागतात. बहाव्याची गोष्ट याच्या उलट. काळ्या, दांड्यासारख्या शेंगेतली बी महिनोन्‌महिने टिकते, पण कवच इतके टणक की ते किंचित घासल्याशिवाय किंवा गरम पाण्यात भिजवल्याशिवाय रुजण्याचे नाव घेत नाही. वाळुंजाला तर बी शोधावीच लागत नाही, ओलसर मातीत खोचलेली फांदी मूळ धरते. एका झाडाला घाई आणि दुसऱ्याला धीर लागतो, हे ज्या मुलाच्या हाताला कळले, त्याला वनस्पतिशास्त्राचा पहिला पाठ वहीत उतरवण्याआधीच मिळाला. अशी रोपे शाळेच्या आवारात एका सावलीच्या कोपऱ्यात पिशव्यांत वाढतात. शे-दोनशे पिशव्यांना उन्हाळ्यात पाणी घालायला एक झारी आणि आळीपाळीने येणारी चार मुले पुरतात. गावभर विखुरलेल्या दोनशे खड्ड्यांना ते शक्य नसते. रोप मोठे होऊ लागले की पिशवीत मुळे गोल फिरू लागतात, म्हणून वेळेवर मोठ्या पिशवीत हलवावे लागते. दुसऱ्या पावसाळ्यात, दीड-दोन हात उंचीचे आणि घट्ट मुळांचे रोप बाहेर जमिनीत जाते, तेव्हा त्याचा सर्वांत नाजूक उन्हाळा मागे पडलेला असतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो देशी झाडांच्या मंद वाढीचा. पुण्याच्या टेकड्यांचा अलीकडचा इतिहास या आक्षेपाला आधार देतो असे वरवर वाटते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या उघड्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया म्हणजे गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावले गेले. मूळ मध्य अमेरिकेकडचे हे झाड फांदीपासून रुजते, निकृष्ट जमिनीत वाढते, नत्र धरते आणि गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. तेव्हाच्या वन अधिकाऱ्यांपुढे उघडी टेकडी होती, चराई होती, पैसा तुटपुंजा होता. त्यांनी केलेली निवड त्या परिस्थितीत समजण्यासारखी आहे, आणि त्या झाडांनी टेकड्या लवकर झाकल्या हेही खरे. पण एकाच जातीची दाटी म्हणजे वन नव्हे. इथला पक्षी, इथली मधमाशी, इथले फुलपाखरू यांचे वर्ष पळसाच्या फुलांपासून उंबराच्या फळांपर्यंत वेगवेगळ्या झाडांच्या ऋतूंवर बांधलेले असते. जी जागा एकाच झाडाने व्यापली आहे तिथे हे वर्ष रिकामे पडते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा जो अभ्यास केला, त्यातून दिसले की लोकांनी शतकानुशतके राखलेल्या छोट्या तुकड्यांतही मूळ वनाचा मोठा वारसा टिकून राहू शकतो. आणि मंद वाढीविषयी आपल्याकडे तीनशे वर्षांपूर्वीच विचार झालेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड मिळवताना आंबा-फणसाला हात लावू देऊ नका, असे बजावले आहे. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी जपून दीर्घकाळ वाढवलेली असतात. झाड सावकाश वाढते म्हणूनच त्याची किंमत जास्त, हा त्यामागचा न्याय आहे. शाळेला तर ही गोष्ट सोयीचीच. पहिलीतल्या मुलाने रुजवलेला करंज दहावीत त्याच्या डोक्यावरून गेलेला असतो, आणि दहा वर्षांची वाढ स्वतःच्या वाढीशी ताडून पाहता येते.

दुसरा आक्षेप मुलांच्या बाजूने आहे आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. अभ्यासाच्या वेळात मुलांना राबवायचे का, आणि सांडपाण्याने भरलेल्या मुठेच्या काठी त्यांना उभे करायचे का? पहिल्या भागाचे उत्तर वेळापत्रकातच आहे. परिसर अभ्यास, कार्यानुभव, आणि नववी-दहावीचा जलसुरक्षा हे विषय अभ्यासक्रमात आहेतच, त्यांना हवी आहे ती करून पाहण्याची जागा. रोपवाटिकेत बियांची उगवण टक्केवारीत काढायची असते, रोपाची उंची दर महिन्याला नोंदायची असते, पावसाचे मोजमाप ठेवायचे असते. गणित आणि विज्ञान यांच्या तासाला ही सगळी कामे थेट उपयोगी आहेत. दुसऱ्या भागाचे उत्तर कामाची विभागणी करून द्यावे लागेल. बी गोळा करणे, रुजवणे, वाढवणे, नोंद ठेवणे हे मुलांचे काम. खड्डे घेणे, निसरड्या काठावर लागवड करणे, कुंपण घालणे हे महापालिका, वन विभाग आणि प्रौढ स्वयंसेवकांचे. पूररेषेच्या आत नेमके काय लावावे, प्रवाहाला अडथळा होऊ नये म्हणून कुठे झाड आणि कुठे गवत-झुडूप ठेवावे, हेही जाणकारांनी ठरवायचे. मुलांनी आपले रोप जमिनीत जाताना सुरक्षित अंतरावरून पाहावे, पुढे मोठ्यांबरोबर जाऊन त्याची मोजणी करावी. मुलांचे श्रम फुकट मिळतात म्हणून ही योजना करायची असेल, तर ती करूच नये.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने पुण्यात माणसांचे बळी घेतले. २५ जुलै २०२४ ला वारज्याच्या पलीकडच्या काठावर, सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत मुठेचे पाणी घरांत शिरले. ओढ्यांवर अतिक्रमणे, नदीत सांडपाणी, पूररेषेत भराव, आणि ४४ किलोमीटरच्या नदीकाठ प्रकल्पावरून चाललेला वाद. एवढे सगळे समोर असताना मुलांच्या दोनशे रोपांनी काय होणार? रोपांनी पूर थांबणार नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. सांडपाणी शुद्ध करण्याची, ओढ्याची रुंदी राखण्याची, भराव रोखण्याची जबाबदारी महापालिकेची आणि राज्य सरकारची आहे, आणि मुलांच्या हातातले रोप पुढे करून ती झाकता येणार नाही. पण याच आक्षेपातून रोपवाटिकेचा सर्वांत मोठा उपयोग निघतो. बियांसाठी मातृवृक्ष लागतो. विठ्ठलवाडीच्या बाजूला मुठेचा काही काठ अजून नैसर्गिक अवस्थेत आहे आणि ‘जीवितनदी’सारख्या संस्थेचे कार्यकर्ते त्या काठाची निगा राखण्यासाठी झटत आले आहेत. असा काठ, तिथला जुना करंज, जुना उंबर हाच पुढच्या पिढीच्या झाडांचा उगम आहे. ज्या शाळेची रोपे त्या झाडाच्या बियांतून आली, त्या शाळेला ते झाड तोडले जात असताना गप्प बसता येत नाही, आणि हजार नवी रोपे लावून एका जुन्या झाडाची भरपाई होते हा हिशेब तिथल्या मुलांना कोणी पटवू शकत नाही. जपानच्या ईशान्येला केसेन्‌नुमाच्या खाडीत कालवांची शेती करणाऱ्या शिगेआत्सू हाताकेयामा यांनी १९८९ पासून नदीच्या उगमाकडच्या डोंगरावर झाडे लावायला सुरुवात केली, कारण खाडीच्या पाण्याचे आरोग्य वरच्या रानावर अवलंबून आहे हे त्यांनी ओळखले होते. मग त्यांनी डोंगराकडच्या शाळकरी मुलांना खाडीवर आणून आपण लावलेले झाड आणि समुद्रातले कालव यांचा संबंध दाखवला. त्या झाडांच्या संख्येपेक्षा आपण नदीच्या कोणत्या टोकाला राहतो याचे मुलांना आलेले भान अधिक मोलाचे ठरले. वारज्यात तर टेकडी आणि नदी यांच्यातले अंतर मुलांना पायी चालता येईल इतके आहे.

वारज्यात यासाठी नवे काही शोधून काढावे लागणार नाही. टेकडीवरचे वन आहे, काठावर मातृवृक्ष आहेत, केंद्राच्याच पर्यावरण मंत्रालयाने शाळा रोपवाटिका योजना आखलेली आहे. १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाने तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणावर झाडांच्या गणनेबरोबर रोपवाटिका चालवण्याची आणि बी-रोपे पुरवण्याचीही जबाबदारी टाकलेली आहे. म्हणून मागणी साधी आहे. वारजे, कर्वेनगर, शिवणे भागातल्या प्रत्येक शाळेने एक ओढा आपला मानावा. त्या ओढ्याच्या पाणलोटात नैसर्गिकरीत्या वाढणाऱ्या आठ-दहा जाती निवडाव्यात, त्यांचे बी त्याच परिसरातून घ्यावे आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत रोपे सांभाळावीत. मगच ती वृक्ष प्राधिकरणाच्या किंवा वन विभागाच्या हाती, जागा आणि राखणीची लेखी हमी घेऊन द्यावीत. ५ जूनला किंवा वनमहोत्सवात किती रोपे लावली हे शाळेच्या फलकावर लिहू नये. तीन पावसाळ्यांपूर्वी दिलेल्या रोपांपैकी आज किती उभी आहेत, हा आकडा लिहावा, आणि महापालिकेनेही शाळेकडे तोच मागावा. फुल्यांनी नमुनाशेत मागितले त्याला एकशेचाळीसहून अधिक वर्षे झाली. ज्या नदीच्या धरणाशी आणि कालव्याशी त्यांचा संबंध आला, तिच्या काठावरच्या शाळांनी तरी ते आता उभे करावे.